वाळूत पडलेली लेन्स: झूम करकरते, फिल्टर निघत नाही, ‘लेन्स एरर’ जात नाही

कॅमेरा वाळूत पडला की उचलणाऱ्याच्या हातून दोन गोष्टी आपसूक होतात. झूम रिंग फिरवून बघितली जाते आणि शर्टाच्या टोकाने काच पुसली जाते. लेन्सचं मोठं नुकसान बहुतेक वेळा तिथेच होतं, पडण्याने त्या मानाने कमी. लेन्सच्या नळीच्या फटीत नुसता टेकलेला कण झूम फिरवल्यावर आत ओढला जातो, आणि काचेवरचा कण कापडाखाली सापडला की रेघ मारतो. वाळूतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोह्ज मापनात ७ आहे, लेन्सच्या काचांचा साधारण ५ ते ६. काचेवरचं कोटिंग तर मायक्रॉनभर जाडीचंही नसतं. त्यामुळे ‘हळूच पुसलं तर काय होतंय’ हा विचार सोडा.

किनाऱ्यावर असतानाच एवढं करा. लेन्स आहे त्याच लांबीवर राहू द्या, ना आत ना बाहेर. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करा आणि तसंच ठेवा. काचेवर वाळू दिसत असेल तर कॅप दाबून बसवू नका, कारण कॅपच्या कडा ते कण फिल्टरच्या आट्यांत ठासतात. प्लास्टिकची स्वच्छ पिशवी सैलसर चढवून रबर लावा. लेन्स बॉडीपासून तिथे अजिबात वेगळी करायची नाही. दुपारनंतर कोकण किनाऱ्यावर खारा वारा जोर धरतो आणि त्यात बारीक वाळू असतेच. ती लेन्समध्ये गेली तर निस्तरता येतं, बॉडीतल्या, फोटो टिपणाऱ्या सेन्सरच्या खोबणीत गेली तर काम वाढतं.

खिशात मावणाऱ्या, नळी बाहेर येणाऱ्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याला वेगळा नियम आहे. तो बटणाने बंद करू नका. बटण दाबलं की नळी सगळी वाळू घेऊन आत शिरते. थोडा वेळ हात लावला नाही तर तो स्वतःहून बंद होतो आणि तेव्हाही तेच होतं. नळी बाहेर असतानाच बॅटरीचं झाकण उघडून बॅटरी काढून घ्या, म्हणजे नळी जिथल्या तिथे थांबते.

कण नेमका कुठे आहे

साफसफाईला हात घालण्याआधी हे ठरवा. वाळू ‘लेन्सच्या आत’ गेली असं वाटतं तेव्हा ती बऱ्याचदा आत नसतेच. ती रिंगच्या रबराखाली, हूडच्या (लेन्सपुढच्या ऊन अडवणाऱ्या कड्याच्या) खाचेत किंवा फिल्टरच्या आट्यांत असते. आवाज मात्र आतून आल्यासारखा येतो.

मिररलेस (आत आरसा नसलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्यांच्या बऱ्याच लेन्समध्ये फोकस रिंग नुसती विद्युत संकेत देते, भिंगांशी तिचा यांत्रिक संबंध नसतो. अशी रिंग फिरवताना खरखर लागत असेल आणि ऑटोफोकस मात्र निमूट चालत असेल, तर कण रिंगच्या खाली आहे, फोकसच्या यंत्रणेत नाही. जुन्या पद्धतीच्या, हाताने थेट भिंग हलवणाऱ्या लेन्समध्ये खरखर म्हणजे वाळू आतल्या आट्यांपर्यंत, हेलिकॉइडपर्यंत पोचल्याची शक्यता जास्त. तिथे ग्रीस असतं. ग्रीसमध्ये वाळू मिसळली की पॉलिश करायची लापशी तयार होते, आणि प्रत्येक फेऱ्याला ती धातू खाते. अशी लेन्स फिरवणं थांबवा आणि थेट दुरुस्तीचा विचार करा.

झूम एका ठरावीक जागीच अडखळत असेल, उदाहरणार्थ दर वेळी ३५ मिमीच्या खुणेपाशी, तर एखादा मोठा कण खाचेत अडकलेला आहे. सगळीकडे सारखीच खरखर असेल तर बारीक वाळू पसरलेली आहे. अडखळण्याबरोबर नळी एका बाजूला कललेली दिसली तर मामला वाळूचा नाही. पडण्याच्या दणक्याने आतली मार्गदर्शक पिन निसटलेली आहे, ती कितीही ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारला तरी परत बसणार नाही.

कॅमेरा बंद असताना लेन्स हलवली की आत काहीतरी खडखडतं, म्हणून अनेक जण घाबरतात. लिनिअर मोटर (भिंगांना चुंबकाने सरळ रेषेत सरकवणारी मोटर) असलेल्या लेन्समध्ये बंद अवस्थेत फोकसचा गट मोकळा असतो आणि तो खडखडतोच. कॅमेरा चालू केल्यावर आवाज थांबला तर ते नैसर्गिक आहे. मात्र ही चाचणी बाहेरची सफाई झाल्यावरच करायची.

बाहेरची सफाई, याच क्रमाने

साहित्य थोडंच लागतं. मोठा रबरी ब्लोअर, मऊ केसांचा नवाकोरा ब्रश, लेन्स टिश्यू, लेन्स क्लीनरची बाटली आणि पाण्याने ओलं करून घट्ट पिळलेलं सुती फडकं. मेकअपचा ब्रश चालतो, पण वापरलेला नको. त्यातली पावडर आणि तेल काचेवर उतरतं. ब्लोअर स्वतः वाळूत पडलेला असेल तर आधी तळहातावर पाच-सहा वेळा दाबून बघा. त्याच्या पोटातली वाळू लेन्सवर फवारली जाते, आणि मग साफसफाईनंतर ओरखडे कुठून आले याचा पत्ता लागत नाही.

घरात पंखा बंद करून, टेबलावर पांढरा कागद अंथरून बसा. पांढरा अशासाठी की किती वाळू निघाली ते दिसतं आणि निघायची थांबली तेही कळतं. लेन्सचं तोंड खाली धरून ब्लोअर मारा. प्रथम समोरची काच, मग हूड आणि कॅपच्या कडा, मग प्रत्येक रिंगच्या दोन्ही बाजूंच्या फटी. फटीत हवा काटकोनात मारू नका, तिरकी मारा. सरळ मारलेली हवा कण आत ढकलते, तिरकी त्याला फटीबरोबर बाहेर काढते. मग ब्रशने कण बाहेरच्या दिशेने सारा आणि पुन्हा ब्लोअर. कागदावर नवे कण पडेनासे होईपर्यंत हेच चालू ठेवा, घाई करायची जागा ही नव्हे.

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचा उपयोग इथे होतो. मऊ ब्रशचं तोंड, सर्वांत कमी वेग, दोन-तीन सेंटीमीटर अंतर. एका हाताने ब्लोअर, दुसरीकडून खेच, म्हणजे उडालेला कण परत बसत नाही. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मात्र कधीच घेऊ नका. दाब प्रचंड असतो, शिवाय त्या हवेत पाणी आणि तेलाचे थेंब असतात. डब्यातली दाबलेली हवाही टाळा. डबा तिरका झाला की द्रव बाहेर येतो आणि काचेवर गोठतो. तोंडाने फुंकलं की थुंकी उडते आणि तिच्यावर वाळू चिकटते.

आता काच. कण उरलेला नाही याची खात्री टॉर्च तिरका धरून करा, मगच टिश्यू. क्लीनरचे एक-दोन थेंब टिश्यूवर घ्या. थेट काचेवर टाकलं तर ते कडेच्या रिंगखाली झिरपतं. मधून सुरू करून गोल गोल बाहेर या. एक टिश्यू एकदाच. वाळूत पडलेलं मायक्रोफायबर कापड धुऊनही काचेसाठी पुन्हा वापरू नये, तो कॅमेऱ्याची बॅग पुसायचा कपडा झाला.

अडकलेला फिल्टर

लेन्सवर फिल्टर असेल तर वाळूचा पहिला मार त्याने खाल्लेला असतो, पण तो काढायला जाताना आटे खराब होतात. फिल्टरच्या आट्यांमधलं अंतर साधारण ०.७५ मिमी असतं आणि किनाऱ्यावरचे कण ०.२ ते ०.५ मिमीचे, म्हणजे पाचरीसारखे बसायला अगदी मापाचे. लेन्सच्या बाजूचे आटे प्लास्टिकचे आणि फिल्टर ॲल्युमिनियमचा असेल तर आधी लेन्सच बळी पडते.

लेन्स तोंड खाली करून जोडावर चहूबाजूंनी ब्लोअर मारा. मग फिल्टर एकदम उलटा फिरवू नका. केसभर उलटा, केसभर सुलटा, मध्ये ब्लोअर. कण सुटून खाली पडायला वाव मिळतो. बोटांनी रिंग चिमटून जोर लावला तर ती लंबगोल होते आणि आणखी घट्ट बसते, हे लक्षात ठेवा. त्याऐवजी रबरी चपलेचा स्वच्छ, सपाट तळ किंवा माउस पॅड फिल्टरच्या तोंडावर सारख्या दाबाने टेकवून फिरवा. प्लास्टिकचे फिल्टर रेंच जोडीने मिळतात, तेही चालतात. तरीही निघाला नाही आणि फिल्टरची काच शाबूत असेल, तर तो तसाच राहिला म्हणून फोटो बिघडत नाहीत. दुरुस्तीवाल्याकडे जाईपर्यंत राहू द्या.

रिंगच्या रबराखालची वाळू

करकरणाऱ्या झूमचं हे सर्वांत दुर्लक्षित कारण. झूम आणि फोकस रिंगवरचा रबरी पट्टा बऱ्याच लेन्सवर नुसता ताणून बसवलेला असतो. त्याच्या काठाखाली वाळू शिरते आणि तिथून हळूहळू रिंगच्या फटीत उतरत राहते. बाहेरून कितीही साफ केलं तरी चार दिवसांनी करकर परत येते ती इथून.

आधी पट्ट्याचा फोटो काढा, कुठली खूण कुठे येते ते नंतर लागतं. आईस्क्रीमच्या लाकडी काडीचं टोक काठाखाली सरकवून पट्टा गोलाकार सैल करा आणि सरकवत काढा. धातूचं टोक वापरू नका. खाली दुहेरी टेपचा तुकडा असेल तर जपून सोडवा. रबराच्या खाली काळा किंवा पिवळा टेप चिकटवलेला दिसला तर त्याला हात लावू नका, त्याखाली आतल्या पिनांपर्यंत जाणारी भोकं असतात. उघडी पडलेली जागा ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा. पट्टा साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून परत चढवा. हे काम कुणालाही जमतं आणि त्याने झूम पहिल्यासारखी झाल्याची उदाहरणं भरपूर असतात.

एवढं झाल्यावरच झूम हलवून बघायची. लेन्स तोंड खाली ठेवून रिंग नळी बाहेर येईल त्या दिशेने जेमतेम दोन-तीन मिलिमीटर फिरवा. काही झूम लेन्स मोठ्या आकड्याकडे लांब होतात, काही छोट्या आकड्याकडे. म्हणून आकडा बघू नका, नळी बघा. बाहेर आलेल्या भागावर वाळूचे कण दिसतील, ते ब्लोअरने उडवा, पिळलेल्या ओल्या फडक्याने नळी पुसा, सुकू द्या, मग आणखी थोडी बाहेर. पूर्ण बाहेर आली आणि स्वच्छ झाली की मगच आत घ्या. कुठेही कडक लागलं तर तिथेच थांबा.

डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा स्प्रे) किंवा शिवणयंत्राचं तेल फटीत सोडायचा सल्ला कुणीतरी देतंच. तेलाने करकर खरोखर कमी होते, दोन दिवस. मग ते सरकत सरकत ॲपर्चरच्या (उजेड आत सोडणाऱ्या भोकाच्या) पात्यांवर जातं, पाती चिकटतात आणि फोटो जास्त उजळ यायला लागतात. वाळूही तिथेच राहते, आता तेलात भिजून.

कॉम्पॅक्टचा ‘लेन्स एरर’

कॉम्पॅक्टमध्ये तीन-चार नळ्या एकात एक बसलेल्या असतात आणि एक चिमुकली मोटर दातेरी चाकांच्या रांगेतून त्या फिरवते. नळी किती सरकली हे सेन्सर मोजतो. कण अडकून नळी वेळेत ठरल्या जागी पोचली नाही की कॅमेरा मोटर थांबवतो आणि एरर दाखवतो. कॅननच्या जुन्या पॉवरशॉटवर याच तक्रारीला ई१८ असा कोड यायचा.

आधी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घालून बघा, कारण कमजोर बॅटरीवर मोटरला जोर मिळत नाही आणि नेमका हाच संदेश येतो. फोटो वाचवायचे असतील तर कार्ड काढून रीडरमध्ये घाला. बऱ्याच कॅमेऱ्यांत प्लेबॅकचं बटण दाबून चालू केलं तर नळी हलतच नाही.

मग बॅटरी बाहेर काढून काम सुरू करा. तोंड खाली, नळ्यांमधल्या गोल फटीत तिरका ब्लोअर. प्रिंटरच्या साध्या, ८० जीएसएम कागदाची जाडी सुमारे ०.१ मिमी असते. त्याची बोटभर रुंद पट्टी फटीत दोन-तीन मिलिमीटरच सरकवून पूर्ण वर्तुळात फिरवा. कागद जिथे अडतो तिथे कण आहे. तिथे पट्टी मागेपुढे करून कण मोकळा करा आणि ब्लोअर मारा. प्रत्येक फटीला हेच. सुई किंवा ब्लेड घालू नका, आतल्या रबरी आणि मखमली पट्ट्या फाटतात आणि त्यांच्यामुळेच उजेड व धूळ बाहेर राहते.

आता बॅटरी घालून, तोंड खालीच ठेवून कॅमेरा चालू करा. नळी पूर्ण बाहेर आली तर आनंदाच्या भरात फोटो काढायला लागू नका. तशाच अवस्थेत बॅटरी काढून बाहेर आलेल्या नळ्या साफ करा, मगच पुढचा फेरा. एरर आलाच तर पुन्हा सगळी सफाई, पुन्हा एकदा चालू. अशा तीन-चार खेपांनंतरही फरक नसेल तर सोडून द्या. दर वेळी मोटर अडलेल्या चाकावर जोर लावते आणि प्लास्टिकचे दाते झिजतात. तळहातावर कॅमेरा आपटून बघण्याचा उपाय कधीकधी लागू पडतो, पण त्यात स्थिरीकरणाचा (हात हलल्याचा परिणाम घालवणारा) भिंगगट जागचा हलू शकतो. तो शेवटचा, आणि नवा कॅमेरा घ्यायची तयारी असेल तरच.

अंगात फ्लॅश असलेला कॉम्पॅक्ट स्वतः उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो बराच काळ टिकतो.

माउंट आणि सेन्सर

बाहेरून सगळं स्वच्छ झाल्यावरच लेन्स बॉडीपासून काढायची, तीही बॉडीचं तोंड खाली धरून. लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्यावर (माउंटवर, ज्याने ती बॉडीला जोडली जाते) कण असतील तर ते ब्लोअरने उडवा. तसेच बसवले तर कड्यावर चरे पडतात आणि त्याचा बारीक धातूचा कीस आत सांडतो. त्यावरचे विजेचे संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओल्या केलेल्या कापसाच्या काडीने पुसा. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरिन असतं. नेलपॉलिश रिमूव्हरही नको, त्यातलं ॲसिटोन प्लास्टिक वितळवतं.

सेन्सर तपासायला ॲपर्चर एफ/१६, आयएसओ १००, फोकस मुद्दाम बिघडवून कोऱ्या आकाशाचा फोटो घ्या. दुसऱ्या लेन्सनेही डाग त्याच जागी आले तर ते सेन्सरवर आहेत. कॅमेऱ्यातला मॅन्युअल क्लीनिंगचा पर्याय निवडून, बॅटरी भरलेली ठेवून, तोंड खाली धरून ब्लोअर मारा. नळीचं टोक आत घालू नका. काही मिररलेस कॅमेरे बंद केल्यावर शटरचा पडदा लावून घेतात. त्या पडद्यावर जोरात हवा मारली तर तो वाकतो. सेन्सरवर वाळूचा कण दिसत असताना ओला स्वॅब (सेन्सर पुसायची सपाट काडी) फिरवणं म्हणजे त्यावरची काच कायमची चरवणं. कण गेल्याची खात्री झाल्यावर, उरलेल्या डागांसाठीच स्वॅब, फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरला २४ मिमीचा, एपीएस-सी या त्याहून लहान सेन्सरला १६ मिमीचा.

ओली वाळू आणि काळी वाळू

ओला कण घासून काढू नका. सुकला की तो आपोआप सुटतो. पण मागे मीठ राहतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि संपर्कबिंदू व स्क्रू गंजवतं. म्हणून क्रम असा: पूर्ण सुकवणं, ब्लोअर, ब्रश, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पिळलेल्या फडक्याने बाहेरचा भाग दोनदा पुसणं. गाडीच्या बॅटरीत घालतात तेच पाणी चालतं. नंतर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत दोन-तीन दिवस. तांदळात पुरून ठेवू नका, तांदळाचं पीठ फटीत बसतं. लेन्स लाटेत पूर्ण बुडाली असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. बॅटरी काढा, चालू करून बघू नका आणि त्याच दिवशी दुरुस्तीला द्या.

रत्नागिरीच्या मांडवीसारख्या किनाऱ्यांवरची काळी वाळू वेगळी त्रास देते. तिच्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असतं आणि मॅग्नेटाइटला चुंबक ओढतो. लिनिअर मोटरमध्ये चुंबक असतातच, त्यामुळे आत गेलेले असे कण ब्लोअरने हटत नाहीत. कागदावर पडलेली वाळू गोळा करून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि बाहेरून फ्रिजवरचा चुंबक फिरवा. कण नाचले आणि ऑटोफोकसही अडखळत असेल, तर घरगुती उपाय थांबवा. तपासणीचा चुंबक लेन्सजवळ नेऊ नका.

उघडायची कधी

आत एखादा कण नुसता दिसतोय, पण झूम, फोकस, ॲपर्चर सगळं ठीक चालतंय, तर उघडू नका. पुढच्या भिंगांजवळचा एकटा कण फोटोत जवळपास दिसत नाही. मागच्या काचेजवळचा दिसू शकतो, तोही लहान ॲपर्चरला किंवा समोरून ऊन असताना.

उघडायचीच असेल तर जपानी लेन्सचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात, साधा फिलिप्स त्यांची डोकी गोल करतो. माउंटखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असू शकतात. त्यांची संख्या आणि जागा बदलली की दूरचा फोकस चुकतो. माउंट उचलताना संपर्कबिंदूंची नाजूक पट्टी तुटते. महागड्या लेन्सवर हा प्रयोग करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. दुरुस्तीला देताना वाळू गेल्याचं लपवू नका. वॉरंटीत वाळूचं नुकसान सहसा बसत नाहीच, आणि न सांगितल्यास कारागीर तपासायला म्हणून झूम पाच-दहा वेळा फिरवतो. कॉम्पॅक्टमध्ये बहुधा पूर्ण लेन्स युनिटच बदललं जातं, तेव्हा आधी अंदाज घ्या आणि तो त्याच मॉडेलच्या जुन्या कॅमेऱ्याच्या भावाशी ताडून बघा.

साफ करूनही करकर परत येत असेल तर

बॅग तपासा. किनाऱ्यावर नेलेल्या बॅगेच्या शिवणीत, कप्प्यांच्या वेल्क्रोत आणि तळाच्या फोमखाली वाळू महिनोन्‌महिने राहते आणि प्रत्येक वेळी लेन्सच्या फटीत थोडी थोडी पोचते. सगळे कप्पे काढून बॅग उलटी झटका, कोपऱ्यांत व्हॅक्यूमचं अरुंद तोंड फिरवा, वेल्क्रो टूथब्रशने विंचरा. लेन्सची मागची टोपी, बॉडी कॅप आणि पुढची कॅप साबणाने धुऊन सुकवा. कॅपच्या स्प्रिंगच्या खाचेत कण दडलेले असतात. कॅमेऱ्याचा पट्टाही धुवा, तो तर थेट लेन्सवर लोळतो. यानंतरही आवाज आला तर रबरी पट्टा पुन्हा काढून बघा, आणि तिथे काहीच सापडलं नाही तर मात्र वाळू आतल्या खाचांत आहे.